मधल्या जागेवरचा माणूस

बेसबॉलमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधोमध जो खेळाडू उभा असतो, त्याला शॉर्टस्टॉप म्हणतात. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूंना सांभाळायला आपापला बेस असतो. याला तसा काही आधार नाही, आणि तरीही मैदानावरचं सगळ्यात जास्त काम त्याच्याच वाट्याला येतं. उजव्या हातानं खेळणाऱ्या फलंदाजाचे सरपटी फटके बहुतेक त्याच्याच दिशेनं येतात. एका दमात दोन गडी बाद करायचे असतील, तर त्याला धावत दुसऱ्या बेसवर पोचावं लागतं. लांबून आलेली फेक मध्येच झेलून पुढे कुठे फेकायची, हे त्यालाच ठरवायचं असतं. फलंदाजामागे बसलेल्या कॅचरच्या खुणा त्याला समोर दिसतात, म्हणून पिचर आता कुठला चेंडू टाकणार हे त्याला आधीच कळतं आणि तो दोन्ही बाजूंच्या सोबत्यांना एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे सरकवतो. प्रत्येक चेंडूला त्याला स्वतःचं काम करायचं असतं आणि बाकीच्यांचंही बघायचं असतं.

अशा जागेवर वाढलेला खेळाडू पुढे संघाची सूत्रं हाती घेतो तेव्हा काय होतं, हा या पुस्तकाचा विषय आहे. त्याचे नायक मात्र बेसबॉलवाले नाहीत. एक आहेत लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी आणि दुसरे अजित वाडेकर. मग सुरुवात बेसबॉलपासून का केली, असं वाचक विचारेल. त्याचं उत्तर जळगाव-धुळ्याच्या मैदानांवर आहे.

शालेय क्रीडास्पर्धांमध्ये बेसबॉल आणि सॉफ्टबॉल आले आणि खान्देशातल्या पोरापोरींनी ते मनावर घेतले. क्रिकेटसाठी मोठं मैदान हवं, टर्फची खेळपट्टी हवी, महागडं किट हवं. या खेळांचं तुलनेनं थोडक्यात भागतं. शाळेच्या मागच्या पटांगणात चुन्यानं रेषा आखल्या आणि चार बेस टाकले की डाव सुरू. आमची काळी जमीन पावसाळ्यात पाय धरून ठेवते आणि वैशाखात तडकून दगडासारखी होते. त्या जमिनीवर सरपटत आलेला चेंडू शेवटच्या दोन हातांवर कसा उडेल, याचा काही नेम नसतो. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला भिडायच्या आत, पहाटेच सराव उरकून घ्यावा लागतो. अशाच एका सकाळी जळगावात एक क्रीडाशिक्षक बॅटनं चेंडू जमिनीलगत मारत होते आणि शॉर्टस्टॉपच्या जागेवर आठवी-नववीतली एक मुलगी ते अडवत होती. चेंडू येताना दिसला की ती अर्धं पाऊल मागे घ्यायची, आणि नेमका तो नडगीवर तरी बसायचा नाही तर ग्लोव्हखालून निसटायचा. सर दरवेळी एकच सांगत होते : "बॉलनी वाट दखू नको, सामने जाय." कधीतरी तिचा पाय पुढे पडला. टप्पा पडून चेंडू उसळायच्या आत तिनं तो उचलला आणि पहिल्या बेसकडे फेकलासुद्धा. सरांनी शाबासकी दिली नाही. लगेच पुढचा चेंडू मारला, अंमळ जास्त डावीकडे.

त्या सरांचं नाव कुठल्याही धावफलकावर कधी येणार नाही. पण मागे सरकणारं पाऊल ओळखणं, ते पुढे आणवणं आणि ते पुढे आल्याबरोबर काम थोडं अवघड करणं, यातच व्यवस्थापकाची सगळी विद्या आहे असं मला वाटतं. पुस्तकाची दिशा मला तिथूनच सापडली.

अमेरिकेत ही वाट जुनी, मळलेली आहे. जो क्रोनिन वॉशिंग्टनचा शॉर्टस्टॉप. १९३३ साली, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, खेळता खेळताच तो संघाचा मॅनेजर झाला आणि त्याच मोसमात त्यानं अमेरिकन लीग जिंकून दिली. पुढे बॉस्टनचा मॅनेजर, मग जनरल मॅनेजर आणि शेवटी त्याच लीगचा अध्यक्ष, अशी त्याची चढण आहे. लू बुद्रो तर चोविसाव्या वर्षीच क्लीव्हलंडचा मॅनेजर झाला. टेड विल्यम्ससारखा फलंदाज आवरेना, तेव्हा १९४६ मध्ये त्यानं जवळजवळ सगळे क्षेत्ररक्षक मैदानाच्या उजव्या अंगाला नेऊन उभे केले. लोकांना तो वेडेपणा वाटला. पण शॉर्टस्टॉपच्या जागेवर वर्षानुवर्षं उभं राहून फलंदाजाचा चेंडू कुठे जातो हे पाहिलेल्या माणसालाच असलं काही सुचू शकतं. १९४८ मध्ये तो स्वतः शॉर्टस्टॉपवर खेळत होता, संघ चालवत होता, आणि क्लीव्हलंडनं वर्ल्ड सिरीज जिंकली. लिओ ड्युरोशर हाही त्याच जागेवरचा. जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू १९४७ मध्ये ब्रुकलिनच्या संघात येणार म्हणून काही गोऱ्या खेळाडूंनी कुरकुर सुरू केली, तेव्हा या मॅनेजरनं त्यांना रात्री जमवून खडसावलं. जवळच्या काळातलं नाव व्हेनेझुएलाच्या ओझी गियेनचं. २००५ मध्ये त्यानं शिकागो व्हाइट सॉक्सला वर्ल्ड सिरीज जिंकून दिली.

आपल्याकडे मात्र मॅनेजर म्हटला की सामान मोजणारा, भत्ता वाटणारा आणि स्वागतसमारंभात भाषण करणारा गृहस्थ, अशीच समजूत फार दिवस होती. मैदानावरची सत्ता कर्णधाराची. त्यामुळे व्यवस्थापकानं काय केलं हे लिहून ठेवावं, असं कुणाला वाटलं नाही. क्रिकेटवरचं आपलं लेखन मुबलक आहे, पण ते शतकांचं आणि बळींचं. अडवलेल्या धावा त्यात सापडत नाहीत. एखाद्या खेळाडूची उभं राहायची जागा कुणी दोन हात बदलली, हे तर नाहीच नाही. हेमू अधिकारींच्या वाट्याला आलेल्या विस्मृतीचं मूळ मला यातच दिसतं.

अधिकारींचा जन्म पुण्याचा, ३१ जुलै १९१९ चा. रणजीत ते बडोद्याकडून खेळले, मग सैन्यात गेले आणि सेनादलाच्या संघाचे आधारस्तंभ झाले. त्यांच्या काळात १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षं सेनादलानं रणजीची अंतिम फेरी गाठली. ज्या संघात फलंदाज सुभेदार आणि गोलंदाज शिपाई, त्या संघानं मुंबई-बडोद्यासारख्यांसमोर अंतिम सामन्यात उभं राहणं ही साधी गोष्ट नव्हती. २१ कसोटी, ८७२ धावा आणि १९४८ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद ११४ हे एकमेव शतक, असा त्यांचा कसोटीचा हिशेब आहे. १९५२ मध्ये दिल्लीतच पाकिस्तानविरुद्धच्या पहिल्यावहिल्या कसोटीत त्यांनी गुलाम अहमद यांना हाताशी धरून शेवटच्या गड्यासाठी १०९ धावांची भागी केली आणि स्वतः ८१ वर नाबाद राहिले. एवढ्यावरून कुणी त्यांना थोर फलंदाज म्हणणार नाही. पण पाहणाऱ्यांनी एक गोष्ट एकमुखानं नोंदवली आहे. कव्हरला अधिकारी उभे असले की फलंदाज तिकडे धाव चोरायला धजत नसे. भारतीय खेळाडू वाकायला कंटाळतात, असं जग म्हणत होतं त्या काळातली ही गोष्ट आहे.

क्रिकेटमधलं कव्हर आणि बेसबॉलमधलं शॉर्टस्टॉप यांची तंतोतंत जोडी लावता येत नाही, हे मी जाणतो. पण नजर तीच. फलंदाजाच्या पायांवरून चेंडूची दिशा ताडायची, फटका बसायच्या आधीच वजन पुढच्या पायावर घ्यायचं आणि उचलणं-फेकणं एकाच हालचालीत उरकायचं. हे ज्याला येतं, त्याला संघातल्या इतर दहा जणांच्या हालचालीतलं ढिलेपण लगेच खुपतं. १९७१ च्या उन्हाळ्यात इंग्लंडला निघालेल्या भारतीय संघाचे मॅनेजर म्हणून अधिकारींची नेमणूक झाली, तेव्हा हीच खुपणारी नजर संघाला मिळाली.

त्या संघाचे कर्णधार होते अजित वाडेकर. त्याच वर्षाच्या सुरुवातीला, निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतानं, पतौडींच्या जागी ते कर्णधार झाले होते आणि वेस्ट इंडिजमध्ये मालिका जिंकून आले होते. वाडेकर मुंबईचे, स्टेट बँकेत नोकरी, स्वभावानं अबोल. प्रथम श्रेणीत १९५८-५९ पासून खेळत असूनही कसोटीसाठी त्यांना डिसेंबर १९६६ पर्यंत थांबावं लागलं होतं. इतकी वर्षं दाराबाहेर उभं राहिलेला माणूस आत काय चाललंय ते फार बारकाईनं पाहतो. वेस्ट इंडिजमधल्या किंग्स्टन कसोटीचा पहिला दिवस पावसानं वाया गेला. सामना चार दिवसांवर आला, म्हणून फॉलोऑनसाठी दोनशेऐवजी दीडशेची आघाडी पुरेशी होती. भारताकडे १७० ची आघाडी होती. वेस्ट इंडिजचे कर्णधार सोबर्स यांना याची कल्पनाच नव्हती. वाडेकर शांतपणे गेले आणि तुम्हाला पुन्हा फलंदाजी करायची आहे, असं त्यांना सांगून आले. सामना सुटला अनिर्णित, पण त्या संघाची भीड तिथेच चेपली.

इंग्लंडचा संघ तेव्हा ओळीनं २६ कसोट्यांत अपराजित होता. आपल्याकडे बेदी, चंद्रशेखर, वेंकटराघवन असे फिरकी गोलंदाज होते. पण फिरकी गोलंदाज बॅटची कड काढून देतो, ती झेलायला कुणीतरी जवळ उभं राहावं लागतं. अधिकारींनी कसून काम केलं ते इथं. झेलांचा सराव, पुन्हा झेलांचा सराव, आणि फलंदाजाच्या इतकं जवळ उभं राहायचं धैर्य. एकनाथ सोलकर फॉरवर्ड शॉर्ट लेगला, वाडेकर स्वतः स्लिपमध्ये, वेंकट गलीत, आणि जोडीला आबिद अली. मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर ज्याचे वडील मैदानाची देखभाल करत, तो सोलकर हेल्मेटशिवाय फलंदाजापासून हातभर अंतरावर वाकून उभा राही. २७ कसोट्यांत त्यानं ५३ झेल घेतले. यष्टिरक्षक सोडले तर या प्रमाणाच्या जवळपास फार थोडे येतात.

त्याच दौऱ्यातली ओव्हलची कसोटी सर्वांना चंद्रशेखरच्या ३८ धावांतल्या ६ बळींमुळे आठवते आणि ते योग्यच आहे. इंग्लंड पहिल्या डावात ३५५, आपण २८४ आणि मग इंग्लंड १०१ त सगळे बाद. पण तो धावफलक एकदा झेलांच्या अंगानं वाचून पाहा. फ्लेचर झेल सोलकर, शून्य. पहिल्या डावात नव्वद काढून गेलेला नॉट, झेल सोलकर, एक. वेंकटच्या चेंडूवर सोलकरनं पुढे सूर मारून घेतलेला हा झेल. लकहर्स्टचा झेल वेंकटकडे. डॉलिव्हिराचा झेल तर बदली खेळाडू जयंतीलालनं घेतला. बारावा गडीसुद्धा हात तयार ठेवून आत येत होता, आणि मॅनेजरचं काम दिसतं ते अशाच ठिकाणी. जिंकायला १७३ हव्या होत्या. शेवटच्या दिवशी, २४ ऑगस्टला, सकाळीच वाडेकर ४५ वर धावबाद झाले, आत आले आणि चक्क झोपी गेले. चार गडी राखून सामना जिंकल्याचं त्यांना इंग्लंडच्या केन बॅरिंग्टन यांनी जागं करून सांगितलं, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. कर्णधाराला झोप लागू शकली, याचा अर्थ घरातली व्यवस्था चोख होती.

मग १९७४. तेच कर्णधार, तेच मॅनेजर, तोच देश. लॉर्ड्सवर आपण ४२ धावांत बाद झालो आणि मालिका ०-३ अशी हरलो. धुळ्याहून आग्रा रोडनं वर गेलं की इंदूर लागतं. १९७१ च्या विजयानंतर तिथं खेळाडूंच्या नावांसह एक भलीमोठी बॅट उभारली होती, विजय बल्ला म्हणतात तिला. तीन वर्षांनी लोकांनी तिलाच काळं फासलं. मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड आले, पश्चिम विभागाच्या संघातून त्यांना वगळलं गेलं आणि त्यांनी खेळायचंच थांबवलं. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. लागोपाठ तीन मालिका जिंकून देणाऱ्या कर्णधाराशी आपण असे वागलो, याचा राग मला आजही येतो. त्या दौऱ्यावर संघात बेबनाव होता, थंडी होती, हिरव्या खेळपट्ट्या होत्या, आणि अधिकारींची लष्करी शिस्त या वेळी काही खेळाडूंना जाचत होती. शिस्त एका दौऱ्यावर जोडते आणि तीच दुसऱ्यावर तोडते. व्यवस्थापकाच्या कामातला हा सगळ्यात अवघड भाग आहे, म्हणून पुस्तकात या उन्हाळ्याला मी विजयाच्या उन्हाळ्यापेक्षा अधिक पानं दिली आहेत.

वाडेकर १९९२-९३ मध्ये क्रिकेट मॅनेजर म्हणून परतले, तेव्हा त्यांच्या गाठीशी हे दोन्ही उन्हाळे होते. ते अधिकारींसारखे कवायत घेणारे नव्हते. कर्णधार अझरुद्दीनच्या हातून काम करून घ्यायचं आणि आपण मागे राहायचं, ही त्यांची रीत. इंग्लंडचा संघ १९९३ मध्ये इथं आला तेव्हा घरच्या खेळपट्ट्यांवर तीन फिरकी गोलंदाज खेळवायचे, असा बेत ठरला : कुंबळे, राजू आणि चौहान. कुंबळेनं २१ बळी घेतले आणि मालिका ३-० अशी आली. त्या वेळी इंग्लंडच्या संघाची जबाबदारी कुणावर होती, तर कीथ फ्लेचरवर. ओव्हलवर सोलकरच्या हाती शून्यावर सापडलेला तोच फ्लेचर. बावीस वर्षांनी दोघंही तंबूत बसून समोरासमोर आले.

२७ मार्च १९९४ ला ऑकलंडमध्ये एकदिवसीय सामन्याआधी सलामीवीर सिद्धूची मान आखडली. सलामीला जायला मी तयार आहे, मला एक संधी द्या, असं एक वीस वर्षांचा मुलगा म्हणाला. वाडेकर आणि अझर यांनी होकार दिला आणि तेंडुलकरनं ४९ चेंडूंत ८२ धावा केल्या. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. मला त्यातला होकार महत्त्वाचा वाटतो. मधल्या फळीतला आपला सर्वांत मोलाचा फलंदाज नव्या चेंडूपुढे पाठवायचा, तो लवकर बाद झाला तर बोल कुणाला लागणार हे माहीत असताना पाठवायचा. ज्याच्या घरावर एकदा दगड पडले होते, त्या माणसानं हे केलं. पुढे दोन वर्षांनी कोलकात्यात विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात नाणेफेक जिंकूनही आपण आधी क्षेत्ररक्षण घेतलं, १ बाद ९८ वरून ८ बाद १२० अशी पडझड झाली, आणि वाडेकरांची ती कारकीर्दही संपली. नंतर ते निवड समितीचे अध्यक्ष झाले. १५ ऑगस्ट २०१८ ला ते गेले. त्यांचे ३७ कसोट्यांतले ४६ झेल कुणी आवर्जून सांगत नाही. बहुतेक स्लिपमधले, म्हणजे सगळं मैदान समोर दिसतं अशा जागेवरचे.

हे पुस्तक खान्देशात बसून का लिहावं, असंही मला विचारलं गेलं. रणजीत जळगाव-धुळ्याचा मुलगा महाराष्ट्राकडून खेळतो, मुंबईकडून नाही. निवड चाचणीसाठी पुण्याला रात्रीच्या गाडीनं जायचं आणि एका सत्रात काय ते दाखवून परत यायचं, हे आमच्या कितीतरी पोरांनी केलं आहे. निवड झाली नाही की त्यातला एखादा शाळेत क्रीडाशिक्षक होतो आणि पंचवीस-तीस वर्षं दुसऱ्यांची पावलं पुढे आणवत राहतो. जळगावच्या शिवतीर्थावर, धुळ्याच्या गरुड मैदानावर हे शिक्षक मला भेटत आले. खेळाडू म्हणून आपण राहून गेलो, अशी खंत त्यांच्या बोलण्यात असते. त्यांना हातात देता येईल असं, प्रशिक्षकाच्या कामाकडे कारकीर्द म्हणून पाहणारं मराठी पुस्तक मला सापडलं नाही. म्हणून तपशील मुद्दाम बारीक दिले आहेत : कोण कुठे उभा राहत होता, जागा का बदलली, कुणाला कधी बोललं गेलं आणि कधी गप्प राहिलं गेलं.

वाचकाला एकच सुचवावंसं वाटतं. प्रकरणं क्रमानं वाचली नाहीत तरी चालेल, पण ओव्हलच्या आधी दिल्लीचं प्रकरण वाचावं. फेब्रुवारी १९५९. वेस्ट इंडिजचे हॉल आणि गिलख्रिस्ट आपल्याला झोडपत होते, आणि एकाच मालिकेत उम्रीगर, गुलाम अहमद आणि मंकड असे तीन कर्णधार होऊन गेले होते. पाचव्या कसोटीला चौथा कर्णधार म्हणून एकोणचाळीस वर्षांच्या अधिकारींना बोलावलं. त्यांनी ६३ आणि ४० धावा काढल्या, तीन बळीही घेतले आणि सामना अनिर्णित राखला. ती त्यांची शेवटची कसोटी. त्याच सामन्यात पुण्याच्या चोवीस वर्षांच्या चंदू बोर्डे यांनी १०९ केल्या आणि दुसऱ्या डावात दुसरं शतक चार धावांवर आलं असताना ते स्वयंचीत झाले. अधिकारी १९७१ मध्ये संघ घेऊन इंग्लंडला गेले. बोर्डे १९८९ मध्ये सोळा वर्षांच्या तेंडुलकरसह संघ घेऊन पाकिस्तानला गेले, आणि २००७ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, प्रशिक्षक मिळेना म्हणून मंडळानं त्यांनाच इंग्लंडला पाठवलं. ती कसोटी मालिका आपण १-० अशी जिंकली. ट्रेंट ब्रिजवर नऊ बळी घेऊन ती जिंकून देणारा झहीर खान श्रीरामपूरचा.